दादाचं ‘चालेल’

माझ्या थोरल्या भावाचं सगळं आयुष्य एका शब्दावर निघालं. चालेल. सकाळचंच उरलंय, गरम करून देऊ? चालेल. आज अंघोळ राहू दे? चालेल. दिवा घालवू? चालेल. मांडीवर पुस्तक उघडं असलं तरी चालेलच. त्याला वाचता येत नाही, तो चित्रं बघतो, पण अंधारात चित्रं तरी कुठं दिसतात!

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याचं डोकं चारचौघांपेक्षा हळू चालणार हे डॉक्टरांनी तो तान्हा असतानाच सांगितलं, आणि आईनं तेव्हाच ठरवून टाकलं की मग पोरगा निदान गुणी तरी निघाला पाहिजे. तिचं म्हणणं असं, की हुशार मुलानं हट्ट केला तर लोक हसून घेतात, आणि दादासारख्यानं केला तर दार लावून घेतात. दुसऱ्यांच्या आया पाढे घोकून घेतात तसं तिनं त्याच्याकडून ‘चालेल’ घोकून घेतलं. पाहुणे म्हणायचे, काय गुणाचं लेकरू आहे! आई हरखून जायची, आणि आई हरखली की दादा आणखी चालेल म्हणायचा.

त्याचे परिणाम आम्ही निस्तरले. एकदा दात काढताना डॉक्टरनं विचारलं, “बधिर झालंय ना? सुरू करू?” चालेल म्हणाला. झालं नव्हतं. एकदा मी अंघोळीला गेले असताना दारावर पाण्याचा फिल्टर विकणारा आला. मी डोकं पुसत बाहेर येते तो स्वयंपाकघराच्या भिंतीला दोन भोकं पाडून झालेली, आणि तो माणूस दादाला म्हणतोय, “मोठाच बसवला, साहेब.” मी त्या माणसाला असं काही झापलं की तो पाना विसरून गेला. पाना अजून आमच्याकडे आहे. फिल्टरही आहे.

आईवडील गेल्यावर घरात आम्ही दोघं उरलो. मी शिवणकाम करते. नवीन कपडे नाही. लोकांचे बिघडलेले दुरुस्त करते. पँट आखूड करायची, सुटलेलं पोट आत घ्यायचं म्हणजे कंबर ढिली करायची, चेन बदलायची, कोटाचं अस्तर लावायचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, त्याच्या उजवीकडे टांगलेले कपडे, डावीकडे दादाची खुर्ची. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारणारी माणसं आता हयात नाहीत, त्यामुळे उत्तर शोधायचीही गरज पडत नाही.

पूर्वी दादासारख्यांसाठी एक कार्यशाळा होती. तिथं तो मिठाच्या पुड्यांचे खोके दुमडायचा. सरकार संस्थेला डोकी मोजून अनुदान द्यायचं. डोकं हजर असलं की पैसे, मग त्या डोक्याला तिथं बरं वाटतंय की नाही हे कोण बघतो! पुढं धोरण बदललं. पैसा आता इमारतीला नाही, माणसाच्या नावानं द्यायचा असं ठरलं. कार्यशाळा बंद झाली आणि दादाच्या नावावर तास आले. वर्षातून एकदा मूल्यमापन करणारं कुणीतरी घरी येतं, याला काय जमतं आणि काय जमत नाही ते विचारतं, न जमणाऱ्या गोष्टींचे तास बनवतं. त्या तासांपुरता एक माणूस संस्था पाठवते आणि त्याचे पैसे सरकारकडून घेते. दादाला आठवड्यातल्या तीन दुपारी मिळाल्या. कागदावर त्याला ‘सोबत’ म्हणतात.

ती सोबत आमच्या दारातून आत आली तेव्हा तिला थोडं तिरकं व्हावं लागलं. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत हा गृहस्थ वीस वर्षं कपाटं वाहत होता. पाठ गेली, म्हणून या कामाला लागला. कपाटं वाहून वाहून तो स्वतःच कपाटासारखा झाला होता. मी मनात त्याचं नाव कपाटवाला ठेवलं आणि मग ते तोंडातूनही निघून गेलं. त्यानं वाईट वाटून घेतलं नाही. पहिल्याच दिवशी तो दादाला म्हणाला, “चला मालक, बूट घाला.” दादानं बूट घातले. उजवा डाव्यात. मी उठायला लागले तर कपाटवाला म्हणाला, “राहू द्या, ताई. टोचलं की कळेल त्यांना.”

मला तो अजिबात आवडला नव्हता. मोठ्यानं बोलायचा, खिशात सुटे बिस्किटांचे तुकडे ठेवायचा, पायपुसणं हा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता. दोघं जायचे आणि संध्याकाळी यायचे. कुठं गेला होतात? दादा म्हणायचा, “बाहेर.” काय केलंत? “मजा.” मी नाद सोडला. त्या दुपारी घरात मशीनचाच काय तो आवाज. मी भराभर काम उरकायची आणि मग दाराकडे कान लावून बसायची, हे खरं.

गेल्या वर्षी मूल्यमापनाला एक मुलगी आली. गुडघ्यावर टॅब, गोड आवाज, पायांत पांढरे स्वच्छ बूट. दादाला तिनं ‘सर’ म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला सर म्हणत होतं. तो इतका सरळ बसला की खुर्ची कुरकुरली.

“सर, सोबतीला येतात ते आवडतात का?”

“हो.”

“समजा, ते आले नाहीत तर चालेल का?”

“चालेल,” दादा म्हणाला.

मी म्हटलं, “अहो, तो सगळ्यालाच चालेल म्हणतो. घर पेटवू का विचारा, चालेलच म्हणेल.”

“ताई, प्लीज,” ती म्हणाली. “नियम आहे. त्यांचं मत त्यांच्याच तोंडून घ्यायचं. पूर्वी घरचेच सगळं बोलायचे, म्हणून तर हा नियम केला.”

नियम चांगला होता, आणि तोच आमच्या मुळावर आला होता. मग तिनं घरात आणखी कोण असतं ते विचारलं. मी, म्हटलं. काम? घरीच. म्हणजे दिवसभर घरात? हो. तिनं टॅबवर बोट टेकवलं आणि मला समजावून सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं, तिचा राग करावा असं काही नव्हतं. सरकारनं ठरवलेली रक्कम तेवढीच आहे आणि नावं वाढलीत. रांग वाढली, पातेलं तेवढंच. त्यामुळे ज्याला घरात फुकट सोबत मिळू शकते, त्याला विकतची सोबत द्यायची नाही. याला ‘घरचा आधार उपलब्ध’ असं म्हणतात. तो आधार म्हणजे मी. मला पैसे मिळतील का? नाही, नातेवाइकांना देता येत नाहीत. माझ्या दुपारींची सरकारनं किंमत काढली होती आणि ती शून्य होती.

महिन्याभरात पत्र आलं, आणि कपाटवाला यायचा बंद झाला. शेवटच्या दिवशी तो दादाच्या पाठीवर थाप मारून गेला. मला म्हणाला, “अपील करा, ताई. मला बोलू देणार नाहीत, माझं पोट त्यावर आहे ना. पण तुम्ही करा.” मी अपील केलं.

तारीख लागेपर्यंत उन्हाळा सरला. सुरुवातीला दादा ठरलेल्या दुपारी बूट घालून खुर्चीवर बसायचा. काही बोलायचा नाही. दाराकडेही बघायचा नाही, बुटांकडे बघायचा. संध्याकाळ झाली की बूट काढून जागेवर ठेवायचा. पहिल्या आठवड्यात मी ते बघितलं आणि मशीन थांबवून त्याला म्हटलं, “चल, मी नेते.” आणि नेऊ लागले. दोऱ्याची रिळं आणायला, चेनवाल्याकडे, गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला, कधी नुसतंच कोपऱ्यापर्यंत. बस आली की मी त्याला खिडकीशी बसवायची. दुकानात त्याला बटणांच्या डब्यांपाशी उभं करायची. तो डब्यांकडे बघत उभा राहायचा. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं मिळून असं बाहेर कुठं पडलो होतो! काम मागं पडलं, दोन गिऱ्हाइकं तुटली, तरी मला वाटायचं, बरं चाललंय. एकदोनदा तर मनात आलं, अपील हवंय तरी कशाला? पण मग पैशांची तंगी आठवायची. मी बाहेर फिरले तर पँटी काय आपोआप आखूड होणार होत्या?

अपिलात दादाला विचारणारच होते, हे मला माहीत होतं. तेव्हा मी त्याला ‘चालणार नाही’ शिकवायला घेतलं. रोज चहानंतर.

“दादा, चहात मीठ घालू?”

“चालेल.”

“अरे, मीठ! खारट! म्हण, चालणार नाही.”

“चालणार नाही.”

“शाब्बास. मग घालू मीठ?”

“चालेल.”

बिस्किटाची लाच दाखवली, रागावले, हातापाया पडले. तुझी खुर्ची देऊन टाकू? चालेल. तुझं पुस्तक फाडू? त्याचा चेहरा पडला, पण चालेल. एका संध्याकाळी माझा तोल गेला. दिवसभर एका कोटाच्या अस्तरानं छळलं होतं, डोळे चुरचुरत होते. मी ओरडले, “आणि मी मेले तर? तर चालेल का रे तुला?”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला काहीतरी वेगळं चाललंय हे कळत होतं. ओठ हलले, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तो हळूच म्हणाला, “चालेल.” मी टेबलावर डोकं ठेवून रडले. तो उठला, त्या मोठ्या फिल्टरमधून पेलाभर पाणी काढून माझ्यासमोर ठेवलं आणि माझं रडं थांबेपर्यंत पेल्याला धरून उभा राहिला. त्यानंतर मी शिकवणं बंद केलं.

अपिलाच्या दिवशी त्याला वडिलांचा कोट घातला. बाह्या मी आधीच आखूड केल्या होत्या. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. लांब टेबल, पलीकडे तिघं. मधे एक वयस्कर अधिकारी, सर्दीनं बेजार झालेले, दर वाक्याला रुमाल. एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला टंकलेखन करणारा कारकून. मला दादाच्या मागं बसवलं, म्हणजे मी खुणा करू नयेत. त्याचं डोक्यामागचं टक्कल मला दिसत होतं, तोंड दिसत नव्हतं.

अधिकारी चांगला माणूस होता. आधी कोटाचं कौतुक केलं, मग पाणी हवंय का विचारलं. चालेल. मग सावकाश, साध्या शब्दांत म्हणाले, “तुमच्याबरोबर फिरायला एक जण यायचे. आता येत नाहीत. हे असंच राहिलं तर?”

दादानं कोटाचं बटण चाचपलं.

“राहिलं तर चालेल का?”

“चालेल.”

संपलं. मी डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलेलं मला ऐकू आलं. अधिकाऱ्यांनी नाक पुसलं आणि उठायच्या तयारीत, नुसतं गोड बोलून निरोप द्यावा तसं म्हणाले, “छान. मग आता बहिणीबरोबर जात राहा. ती नेतेच आहे तुम्हाला. चालेल ना?”

मी डोळे उघडले. दादाची मान खाली होती, बुटांकडे.

“नाही,” तो म्हणाला.

“काय नाही?”

“चालणार नाही.”

आवाज त्याचा नव्हताच. कोटातून आमचे वडील बोलल्यासारखा आवाज होता. कारकुनाची बोटं थांबली. अधिकारी परत टेकून बसले आणि रुमाल बाजूला ठेवला. “का बरं?”

“ही हात धरते,” दादा म्हणाला.

“कुठं?”

“रस्त्यात. बसमध्ये. दुकानात. सगळे बघतात.” मग जरा थांबून, “मी मोठा आहे.”

“आणि ते दुसरे? ते नाही धरत?”

“नाही. तो म्हणतो, मालक, गाडी बघा. मी बघतो.” आता त्याची मान वर आली. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. “आम्ही सलूनमध्ये जातो. मी केस झाडतो. खुर्ची फिरवतो. तिथं सगळे मालक म्हणतात. एक जण बसला माझ्या स्टुलावर. मी म्हटलं, ऊठ. तो उठला.”

दादा कुणाला तरी ऊठ म्हणाला होता. त्याचं एक सलून होतं, एक स्टूल होतं, तिथं त्याला नाहीही म्हणता येत होतं, आणि यातलं काहीएक मला माहीत नव्हतं. तो ज्या घरात परत येत होता तिथंच तेवढं त्याला चालेल म्हणावं लागत होतं.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, हे हात धरण्याचं खरं का? मी म्हटलं, खरं. आईनं माझ्या हातात त्याचं मनगट दिलं होतं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तो पंधराचा. ती म्हणाली होती, सोडायचा नाही. मी सोडला नाही. हे सांगताना माझा आवाज चढला, कारण मला अपमान वाटत होता. ज्या गोष्टीबद्दल आयुष्यभर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, ती तीन परक्या माणसांसमोर तक्रार म्हणून निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. ते बरं केलं.

अधिकाऱ्यांनी कारकुनाला तोंडी मजकूर सांगितला, आमच्यासमोरच. “घरचा आधार लाभार्थ्यास मान्य नाही. सबब तो उपलब्ध धरता येणार नाही.” कारकुनानं विचारलं, मग तास जुनेच? अधिकाऱ्यांनी तक्ता बघितला. घरचा आधार मुळात धरायचाच नाही म्हटल्यावर गणित बदलत होतं. तीन दुपारींच्या चार होत होत्या. म्हणजे माझं नाव खोडलं आणि त्या जागी सरकारनं एक दुपार जास्त दिली. आम्ही जिंकलो होतो. अधिकाऱ्यांनी हसून माझं अभिनंदनही केलं, आणि मी हात जोडले.

आम्ही जिना उतरून खाली आलो. समोर मोठा रस्ता होता, पलीकडे बसथांबा. माझा उजवा हात नेहमीसारखा वर आला. मी तो तसाच पिशवीच्या बंदाकडे नेला आणि बंद घट्ट धरला. दादानं ते बघितलं की नाही, कोण जाणे. तो कडेला उभा राहिला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे, ओठांनी काहीतरी पुटपुटत. सिग्नलचा दिवा बदलला आणि तो निघाला. कोट पाठीवर जरा ढिला होता, तो मी आत घ्यायला हवा होता.

मला निघायला जमलं नाही. असं नाही की मी एकटीनं कधी रस्ता ओलांडला नव्हता. कपडे पोचवायला हजारदा ओलांडलाय. पण त्या क्षणी मला एकाएकी कळलं, की इतकी वर्षं मी त्याचा हात धरत होते तेव्हा माझाही हात कुणीतरी धरलेला असायचा. दुसऱ्या कुणीच तो कधी धरला नव्हता. धरायला कुणी आलंही नव्हतं. आठवड्यातल्या चार दुपारी दादाच्या नावावर होत्या, सही-शिक्क्यानिशी, आणि माझ्या नावावर काही असेल असा कागद कुठल्याही मजल्यावर निघणार नव्हता. दिवा पुन्हा बदलला, गाड्या सुरू झाल्या, आणि मी अलीकडेच राहिले. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

दादा पलीकडे थांबला होता. त्यानं हाक मारली नाही, हात हलवला नाही. गाड्यांच्या मधून मधून तो दिसत होता, कोटाची बटणं लावत असलेला. गाड्या थांबल्यावर मी गेले. तो म्हणाला, “बस तिकडं येते,” आणि चालू लागला. त्यानं थांबा बरोबर दाखवला होता. मी जरा अंतर ठेवून त्याच्या मागून चालले.